विहिरीतले रडके दगड

अमावास्येला बहिरूबाबाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नसायची. कोरडं ठणठणीत पातेलं, त्यात पांढरे चमकदार दगड, वर झाकण, खाली निखारे. जरा वेळाने बाबा झाकण उचलायचा, तर त्याला आतून थेंब लोंबलेले.

"देवीला पाझर फुटला," बाबा डोळे मिटून सांगायचा. "ताप, कावीळ, साप, समद्यावर हेच तीर्थ." देवी मोठी हुशार, एकाच औषधात सगळे रोग उरकायची.

लंकाबाई मागे बसलेली असायची. हेच तीर्थ तिने संजनाच्या ओठांना लावलं होतं. गवत कापताना पोरीला नाग डसला, तेव्हा नवऱ्याने, कारभारीने, सिन्नरच्या दवाखान्यासाठी मोटरसायकल काढली होती. लंकाबाईच म्हणाली, "आधी बाबाकडं." पोर मांडवातच गेली. वर बाबा म्हणाला, "आईची श्रद्धा कमी पडली." ते ऐकल्यापासून लंकाबाईला घास गोड लागला नव्हता.

एकदा संजनाला भूगोल शिकवणाऱ्या अंजली मॅडम घरी आल्या. सुरुंग लावून विहीर खणली तेव्हा निघालेल्या काळ्या खडकाचा ढीग बांधावर पडला होता. मॅडमनी त्यातून बाबाच्या पातेल्यातल्यासारखेच पांढरे दगड वेचले. याच दगडांनी संजना भातुकली खेळायची.

"ताई, हे तुमच्याच पातेल्यात तापवा."

लंकाबाईने तापवले. झाकण उचललं तर थेंब.

"आपलं सगळं पठार लाव्हारसाचं," मॅडम म्हणाल्या. "तो थंड होताना खडकात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे पाणी झिरपून त्यांत हे स्फटिक वाढले. पाणी त्यांच्या अंगातच असतं. तापले की त्याची वाफ होते, झाकणाला लागून तिचे थेंब होतात."

"मंग माझी श्रद्धा?"

"कमी नव्हती. सापावरचं इंजेक्शन मिळालं नाही."

"म्हंजे गाडी सरळ गेली असती तर..."

मॅडमना खोटं बोलता येईना. "वाचली असती बहुतेक."

लंकाबाई चुलीपुढेच बसून राहिली. इतके दिवस अडलेलं रडू तेव्हा फुटलं.

पुढच्या अमावास्येला तिने मांडवात आपली शेगडी मांडली आणि कोरड्या पातेल्यात आपले दगड तापवले. झाकणाचे थेंब सगळ्यांना दाखवले. बाबा म्हणाला, "पोरीपायी येडी झाली बाई." कोणी हसलं नाही.

"हे माझ्या विहिरीचे दगड हायेत," लंकाबाई म्हणाली. "माझी पोर रोज यांच्यासंगं खेळायची. यांच्यात देवी असती तर तिला ओळखलं नसतं का? दगड तापला की पाणी सुटतं, बाकी काय नाय. कोणाला साप चावला तर सरळ दवाखान्यात न्या. इकडं वळू नका. मी वळले होते."