अर्ध्या मिनिटाची शांतता

भुताच्या सिनेमांना आवाज देणं हा माझा धंदा, आणि करकरणाऱ्या दारांचा मला मनापासून वीट आलाय. माणूस दाराला घाबरत नाही. पण हे पृथ्वीराजला कोण सांगणार? दिग्दर्शक तो.

शूटिंगसाठी त्यानं कसबा बावड्यात राजमतीकाकूंचा बंगला भाड्यानं घेतला. साधा स्लॅबचा, दारात जास्वंद, आत लख्ख लादी. भुताला राहावंसं वाटावं असं तिथं काहीच नव्हतं. म्हणून त्यानं दिवसभर खपून खोटी जळमटं लावून घेतली. दुसऱ्या दिवशी बघतो तर भिंती स्वच्छ. काकूंनी सगळी झाडून काढली होती.

"मी जित्ती असताना घरात जळमटं? पावणं, लोक काय म्हणतील?"

पृथ्वीराजनं कपाळावर हात मारून घेतला. मला मात्र बाई आवडल्या. त्यांचे यजमान तात्यासो दोन वर्षांपूर्वी वारले होते, तेव्हापासून एकट्याच राहायच्या. घर जैनांचं. दिवस बुडायच्या आत जेवण उरकायचं आणि स्वयंपाकघराला कडी घालायची, हा त्यांचा नेम होता.

तिसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, "काकू, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "ताटाची."

"ताटाची?"

"दिवस बुडाला की आत ताट वाजतंय. लादीवरनं कुणीतरी पुढं ओढल्यागत. रोज." मग सूप खाली ठेवून त्यांनी सांगितलं, "शेवटी शेवटी ह्यांच्या काय ध्यानात राहायचं न्हाय. त्या दिवशी मी उचगावला बहिणीकडं गेलते. यायला उशीर झाला, दिवस बुडाला. हे उपाशीच पाटावर बसलेले, रिकामं ताट पुढं ओढून. मी ताट उचललं. चाळीस वर्सं पाळलेला नेम, मी कसा मोडू? सकाळी देते म्हटलं. सकाळी उठलेच न्हाईत."

मग त्यांनी माझ्या गळ्यातल्या हेडफोनकडं बोट केलं.

"तुमच्या मशिनीला बारीक सारीक ऐकू येतंय म्हणं. तेवढं बघा की. हे अजून उपाशी हायत का, एवढंच मला कळू द्या."

आमच्या कामात प्रत्येक खोलीची शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवावी लागते. पुढं ती संवादांच्या खाली घालतात. त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी सगळ्यांना बाहेर काढलं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर माइक ठेवला, कडी घातली आणि दाराबाहेर हेडफोन लावून बसलो. काकू अंगणात जाऊन बसल्या. त्यांच्यानं तिथं थांबवेना.

विसाव्या सेकंदाला ताट सरकलं. थोडं सरकून थांबलं. मग पुन्हा थोडं सरकलं, कुणी रागावेल की काय असं भीत भीत. मी हेडफोन कानांवर घट्ट दाबले. आणि खोटं कशाला बोलू, भीतीच्या मागोमाग मनात आलं, हा एवढा आवाज घातला तर थिएटरात कुणी श्वास घेणार नाही. भुकेल्या माणसाच्या आवाजापुढं दारं काय करणार?

अंगणात गेलो. काकू उठून उभ्या राहिल्या. "मला ऐकवा."

मी त्यांच्या कानांना हेडफोन लावले आणि सकाळी घेतलेली माडीवरच्या खोलीची शांतता लावली. अर्धा मिनिट त्या डोळे मिटून उभ्या होत्या.

"काय न्हाय की," त्या म्हणाल्या.

"काही नाही, काकू."

"मग ते माझ्याच कानात हाय. म्हंजे हे जेवले." त्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. आईच्या पाठीवरून फिरवावा तसा मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

सिनेमा आला. दारं भरपूर करकरली, पब्लिक हसलं. पृथ्वीराज अजून मला बोल लावतो, "स्वयंपाकघराच्या सीनला तुझा आवाजच न्हाय की."

"न्हाय सापडला," मी म्हणतो.

ते रेकॉर्डिंग मी त्याच रात्री पुसलं. काकू आता शांत झोपतात म्हणे, फोनवर सांगत होत्या. तात्यासो मात्र अजून उपाशी आहेत, आणि हे माहीत असलेला मी एकटाच उरलोय.