प्रमुख गटातला अर्ज

अर्ज भरून तयार होता, फक्त सही बाकी होती. दुपारी बारापर्यंत तो पुरस्कार समितीकडे पोचायला हवा होता आणि नटी त्यातल्या एकाच ओळीकडे बघत बसली होती. ‘गट : सहाय्यक अभिनेत्री.’

आता तुम्हीच सांगा, अख्ख्या चित्रपटात ही बाई. पहिल्या दृश्यात ती बस धुते, शेवटच्या दृश्यात तीच बस चालवते आणि मधले दोन तास कॅमेरा तिचा पिच्छा सोडत नाही. गोरा नट येतो, कोर्टात अकरा मिनिटं बोलतो आणि जातो. तो मात्र प्रमुख. वीस वर्षं हिने पडद्यावर ट्रे आणले, दारं उघडली, आजाऱ्यांच्या उशा सारख्या केल्या. लोक गमतीने ट्रेबाई म्हणायचे, तीही हसून घ्यायची. आता कुठे एक चित्रपट तिच्या जिवावर उभा राहिला, तर कागदावर पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

निर्माता वाईट नव्हता, भित्रा होता. “ताई, समजून घ्या,” तो म्हणाला. “प्रमुख गटात आजवर एकाही काळ्या बाईला बक्षीस मिळालेलं नाही. सहाय्यकमध्ये तुमचं नक्की आहे. हातचं कशाला घालवता? तुमच्या आत्याबाईंनाही सहाय्यकमध्येच मिळालं होतं की.”

आत्याचं नाव निघालं तशी तिने सरळ आत्यालाच फोन लावला. आत्या आपल्या काळातली मोठी नटी, आणि जिभेला हाड नाही.

“आत्या, तू सही केली होतीस ना गं?”

“केली. मलाही असंच गोड बोलून समजावलं होतं. बक्षीस मिळालं, कपाटात आहे. तीस वर्षं झाली, येणारा-जाणारा विचारतो, त्या चित्रपटात मुख्य काम कोणाचं होतं? माझंच होतं गं. पण सांगायला गेले तर लोकांना वाटतं, म्हातारी फुशारक्या मारते. तुझं तू बघ. माझं दूध उतू चाललंय.”

नटीने फोन ठेवला. नामांकन हुकलं तर हेही नाही आणि तेही नाही, शिवाय पुन्हा ट्रे उचलायचे. तिने निर्मात्याकडे पाहिलं.

“साहेब, या चित्रपटात मी नेमकं कोणाला सहाय्य केलं?”

तिने ‘सहाय्यक’वर काट मारली, वर ‘प्रमुख’ लिहिलं आणि सही ठोकली.

“गेलं बक्षीस,” निर्माता कपाळ पुसत म्हणाला.

“जाऊ दे,” ती म्हणाली.

नामांकनांच्या यादीत शेवटचं का होईना, तिचं नाव आलं. समारंभाला ती आत्याला घेऊन गेली. पाकीट उघडलं, नाव पुकारलं गेलं आणि ही आपली ढिम्म बसलेली. शेवटी आत्याने कोपर मारलं. “अगं ऊठ, तुलाच बोलावताहेत.”

स्टेजवर तिने सगळ्यांचे आभार मानले, निर्मात्याचेही. तो रडत शेजारच्याला सांगत होता, मी आधीपासून म्हणत होतो. मग तिने हातातला कागद मिटला.

“तीस वर्षांपूर्वी एका काळ्या बाईने एक चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत पेलला आणि तुम्ही तिला सहाय्यक म्हणालात. त्या चित्रपटाची नायिका चौथ्या रांगेत बसली आहे. ती माझी आत्या आहे.”

मागून एक जण उठला, मग दहा, मग सगळं सभागृह. टाळ्या कोणासाठी चालल्यात म्हणून आत्याने आधी मागे वळून पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं. ती उठली, पदर-बिदर काही न सावरता ताठ उभी राहिली, आणि टाळ्या थांबेपर्यंत काही बसली नाही.