पहिला हात

"हे पाय ओमप्रकाश, मी सवाल इचारला का पैला हात तुया. दरसालसारखा."

"या साली काय इचारनार हाय?" बशीतला चहा फुंकत ओमप्रकाशनं विचारलं.

"ते आताच सांगतलं त मजा काय राह्यली? तू फक्त हात वर करजो अन् काईतरी बोलजो. मंग बाकीचे बोलतीन."

"बरं. तुमी म्हनता त करतो."

अमरावतीच्या एका शाळेच्या बसचालकांना मी दरवर्षी जुलैत सुरक्षित वाहन चालवण्याचं प्रशिक्षण देतो. अकोल्याहून सकाळी यायचं, शाळेसमोरच्या टपरीवर चहा घ्यायचा, दोन तास बोलायचं आणि परतायचं. खरं तर काम बोलण्याचं नाहीच, बोलतं करण्याचं आहे. तीस चालक हाताची घडी घालून बसतात. तुम्ही काहीही विचारा, ते पंख्याकडे बघणार. पण एकानं हात वर केला की दुसऱ्याला धीर येतो. म्हणून पहिला हात मी आधीच ठरवून ठेवायचो. विरजण लावल्याशिवाय दही होत नाही, असं मी इतर प्रशिक्षकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो. यात लबाडी आहे असं तेव्हा मनातही आलं नाही.

त्या दिवशी माझ्यामागे माझ्या नावाचा नेहमीचा कापडी फलक होता: 'उत्तमराव वानखडे, अठ्ठावीस वर्षं विनाअपघात सेवा.' शेवटच्या रांगेत शाळेच्या बसव्यवस्था बघणाऱ्या रागिणी मॅडम वही घेऊन बसल्या होत्या.

"इथं बोललेलं इथंच राहीन, भाऊ," मी म्हणालो. "खरं सांगा, गाडी चालवताना कोनाचा डोळा लागला कधी?"

सगळे पंख्याकडे. ओमप्रकाशनं माझ्याकडे पाहिलं. हा माणूस दिवेलागणीला जेवून नऊच्या आत झोपणारा. पोरं उतरली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन, कुणी राहिलं का ते बघणारा. त्याचा कुठला डोळा लागतोय! आता हा काही हात वर करत नाही, असं मला वाटलं. पण त्यानं शब्द दिला होता. हात हळूहळू वर गेला.

"शाब्बास! सांग, कसं झालं?"

तो उभा राहिला. "शाळेत लागाच्या आंधी भाड्याची गाडी चालवत होतो. सेमाडोहच्या पुढं वळनावर डोळा लागला. जाग आली तवा चाक नालीत, अन् सागाचं झाड हातभर लांब. लोकाईले म्हनलं, रानडुक्कर आडवं आलं. लोकाईनं मलेच पानी पाजलं. मी पेलो."

हे माझं होतं. मी एस.टी.त चालक होतो, तेव्हा धारणीच्या बसवर घडलेलं. घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी टपरीवर बोलता बोलता फक्त ओमप्रकाशला सांगितलं होतं. त्याच्यापाशी स्वतःचं काही नव्हतं, म्हणून त्यानं माझं सांगितलं.

आणि मी काय केलं? टाळ्या वाजवल्या. "याले म्हंतात हिंमत!" असंही वर म्हणालो. दुसरा हात काही वर आला नाही. रागिणी मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

पंधरा दिवसांनी सहज फोन केला, तर त्याच्या बायकोनं, पार्बताबाईनं उचलला. "त्याईले गाडीवरून उतरवलं, भाऊ. गेटावर उभं करून राह्यले."

"मी बोलतो मॅडमशी," मी म्हणालो. बोललो नाही. बोलायचं तर दोन गोष्टी कबूल कराव्या लागणार होत्या: पहिला हात मी पेरतो, आणि फलकावरची अठ्ठावीस वर्षं खोटी आहेत. उद्या, परवा करत वर्ष गेलं. लिहितानाही लाज वाटते, पण त्या वर्षात मी सतरा प्रशिक्षणं घेतली आणि सतरा ठिकाणी तो फलक लावला.

या जुलैत शाळेनं पुन्हा बोलावलं. गेट ओमप्रकाशनंच उघडलं. अंगात खाकी, गळ्यात शिट्टी.

"राम राम, दादा. चाय घेतली का?"

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काहून नाई सांगतलं रे मॅडमले, का ते माह्यं होतं म्हनून?"

"मले वाटलं, तुमीच सांगसान," तो म्हणाला. "आठ-पंधरा दिवस वाट पायली. मंग गेटाची सवय झाली."

त्या दिवशी मी कुणालाच पेरलं नाही. उभा राहिलो आणि स्वतःचा हात वर केला. सेमाडोहचं वळण, रानडुक्कर, पाणी, सगळं सांगितलं. "मांगच्या साली ओमप्रकाशनं सांगतलं, ते त्याचं नोयतं. माह्यं होतं. त्याले हात वर कराले मीच सांगतलं होतं."

मग मागून टाळ्या आल्या. रागिणी मॅडम.

"काय छान पद्धत आहे, सर! स्वतःवर घेऊन सांगितलं की लोकांना धीर येतो."

"पद्धत नाही, मॅडम. खरं आहे."

त्या हसल्या. "तुमचं मन मोठं आहे, सर. पण त्यानं सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. पालकांनाही आम्ही तसं कळवलं. आता त्याला परत गाडीवर कसं बसवू?"

मी चालकांकडे वळलो. "अजून कोनाले काई सांगाचं हाय?"

या वेळी कुणी पंख्याकडे पाहिलं नाही. तिसांच्या तीस जणांनी खिडकीतून गेटाकडे पाहिलं. एकाच्याही हाताची घडी सुटली नाही.

फलक मी स्वतःच उतरवला, घडी करून पिशवीत कोंबला आणि बाहेर पडलो. एस.टी.चा थांबा रस्त्यापलीकडे. ट्रक सुसाट चालले होते, आणि मी कडेला नवख्यासारखा उभा.

"थांबा, दादा."

ओमप्रकाश शिट्टी वाजवत रस्त्याच्या मधोमध गेला. त्यानं हात वर केला. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या.

"या आता."

मी खाली मान घालून त्याच्या समोरून गेलो. पलीकडे पोचेपर्यंत त्यानं हात खाली घेतला नाही.