वाटणीसाहेबांची नक्कल

दुपारीच कोणी तरी कचेरीतली वेताची खुर्ची आणून मंडईच्या, म्हणजे भाऊबीजेच्या जत्रेच्या, मैदानात ठेवली होती. खडी गंमत हा मातीवरचा खेळ. त्याला मंच नसतो, पडदा नसतो. माणसांनीच माणसांभोवती रिंगण धरायचे आणि मधल्या मोकळ्या जागेत उभे राहून सोंगाड्याने हसवायचे. सावसरच्या त्या रिंगणाच्या काठावर आजवर कोणी जमिनीपासून वीतभरही उंच बसलेले नव्हते. मोरेश्वरने दुरूनच खुर्ची पाहिली आणि तिच्यावर कोण बसणार हे त्याला विचारावे लागले नाही.

वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस तो कचेरीत कारकून असे आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी सोंगाड्या. पण ह्या वर्षीची भाऊबीज निराळी होती. नवे राज्य लागून चारच दिवस झाले होते. ज्या नागपुरात सावसरचा कापूस जाई, लेकी नांदायला जात, दुखणाईत माणसे बैलगाडीत आणि मग रेल्वेत घालून नेली जात, ते नागपूर एका रात्रीत परराज्य झाले होते. सावसर आणि पांढुर्णा नव्या सीमारेषेच्या अलीकडे, हिंदी राज्यात उरली होती, आईच्या हातातून सुटून जत्रेत उभ्या राहिलेल्या जुळ्या पोरींसारखी. कोणत्या नोकराने कोठे जायचे हे ठरवायला उत्तरेकडून एक साहेब आले होते. गावाने पहिल्याच दिवशी त्यांचे बारसे केले : वाटणीसाहेब.

उद्या, सोमवारी, वाटणीसाहेब यादीवर सही करणार होते. पसंतीच्या कागदावर मोरेश्वरने एकच शब्द लिहिला होता, सावसर. कारण साधे होते. त्याची बायको मीना इथल्या मुलींच्या शाळेत शिकवीत असे, आणि मीनाची आई देवकाबाई त्यांच्याकडेच असत. देवकाबाईंची दृष्टी गेली होती. त्यांना ह्या घराच्या भिंती हाताला पाठ होत्या. दुसऱ्या घरात त्या पहिल्याच उंबऱ्याला अडखळल्या असत्या. मोरेश्वरची बदली झाली, तर त्याला एकट्यालाच जावे लागणार होते.

"मोरेश्वर, जरा इकडे ये," यशवंतरावांनी त्याला चिंचेखाली ओढले. यशवंतराव कापसाचे व्यापारी आणि मंडई समितीचे अध्यक्ष. खुर्ची त्यांनीच आणवली होती. "साहेब येऊन राहिले. मी स्वतः बोलावलं. तू आज त्यांचं सोंग काढू नको."

"आन् दंडक?"

यशवंतरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. दंडक त्यांनाही ठाऊक होता. रिंगणात बसलेल्या सर्वांत मोठ्या माणसाची नक्कल झाल्याशिवाय सावसरची मंडई उठत नसे. मालगुजार जमीनदारांच्या काळी मालगुजाराची होई. आणि तो घरी जाऊन मोठ्या अभिमानाने सांगे की आज माझी झाली. ज्याची नक्कल झाली तो गावाचा झाला, असा त्याचा अर्थ होता. पण हा अर्थ परक्या माणसाला कोण सांगणार?

"माझी काढ," यशवंतराव म्हणाले. "माझं पोट काढ, माझा तराजू काढ, काय काढायचं ते काढ. मी बुरा मानत नाही. पण उद्या सही आहे बाबा! तुझ्या भल्याचंच सांगून राहिलो."

ते खरेच त्याच्या भल्याचे सांगत होते. तेच अधिक टोचत होते.

शाहीर कवडू डफ शेकत बसला होता. मोरेश्वरला सोंग शिकवले ते त्याने. साठी उलटलेला, तिगावचा, उभा जन्म दुसऱ्याच्या शेतात आणि स्वतःच्या आवाजात काढलेला माणूस. मोरेश्वरने त्याला सगळे सांगितले. कवडूने डफाच्या कातड्यावर बोट वाजवून पाहिले.

"मी काय सांगू बाबू? तुह्या घरचं तुले मालूम. पन एक ध्यानात ठेव. अर्धं सोंग काढू नोको. काढायचं तं पुरं, नाही तं मुकाट घरी जा."

दिवेलागणीला गॅसबत्त्या पेटल्या. बाया एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला. मधे लालसर मातीचे वर्तुळ, अजून कशाचेच ठसे नसलेले. साहेब डावी टाच किंचित घासत आले, खुर्चीत बसले. उंच, सडसडीत, कोटाच्या खिशात उजवा हात रुतवलेला. ऐकताना ते हनुवटी वर करून डोळे मिटून घेत आणि कोणी काही मागितले की डोळे न उघडताच म्हणत, "हो जाएगा." चार दिवसांत कचेरीतल्या प्रत्येकाला ते 'हो जाएगा' मिळाले होते आणि कोणाचेच काही झाले नव्हते.

गण झाला. कवडूचा आवाज चिरकला, सावरला, वर गेला. मग मोरेश्वर रिंगणात उतरला आणि त्याने यशवंतरावांना उभे केले. पोट पुढे, मान मागे, कापूस घेताना गाठीला बोट लावून, "ओला आहे, ओला आहे," आणि विकताना तेच बोट ओठाला लावून, "नाही, गोड आहे!" मैदान हसले. यशवंतराव सर्वांत मोठ्याने हसले आणि हसता हसता खुर्चीकडे पाहू लागले. साहेबही मंद हसले.

डफ थांबला. नक्कल झाली होती. आता लोकांनी उठायचे होते.

कोणी उठले नाही.

बत्त्यांची सूं सूं तेवढी ऐकू येत होती. एखादा खोकला. पुढच्या रांगेतल्या अंबाबाईने, संत्र्यांची पाटी मांडीशी धरूनच, हात वर केला. "काहून रे मोरेश्वर, थकला का? थो खुर्चीवाला राह्यला नं!"

हशा पिकला आणि लगेच विझला. यशवंतरावांनी मानेनेच नको नको केले. मोरेश्वरने बायांच्या बाजूला पाहिले. मीना आईचा हात हातात घेऊन बसली होती. तिचा चेहरा त्याला वाचता आला नाही. बत्तीच्या उजेडात तो एखाद्या बंद दारासारखा होता. पण तीही उठली नव्हती. हजार माणसे मातीला चिकटून बसली होती. चार दिवसांत त्यांना कोणी काही विचारले नव्हते, कोणत्या बाजूला जाता म्हणून; आणि आज त्यांच्यापाशी एवढेच होते, न उठणे.

मोरेश्वरने उजवा हात सदऱ्याच्या खिशात रुतवला.

हनुवटी वर गेली. डोळे मिटले. डावी टाच मातीवर किंचित घासत तो चालू लागला, आणि दुसऱ्याच पावलाला मैदानाला कळले की साहेब दोन आहेत.

"क्या क्या सामान है?" रिंगणातल्या साहेबांनी विचारले. "सब पेटी में भरो. गाड़ी का टाइम हो गया."

कवडू हमाल होऊन वाकला. "साहेब, सावसर भरलं. पांढुर्नं भरलं. मोहगाव चेपून बसवलं. पन कन्हान मावत नाही जी, पेटीभायेर सांडून राहिली!"

"नदी को मोड़ के रखो."

"मोडली तं वल्ली होते साहेब, सारे कागद भिजन!"

"हो जाएगा." डोळे मिटलेलेच. "और ये कौन है? लेटा हुआ?"

"थो जामसांवलीचा मारुती जी. थो निजूनच राह्यते."

मिटलेले डोळे पहिल्यांदाच उघडले. "ड्यूटी पर सोता है? नाम लिखो! इसकी बदली करो!"

हसू मैदानाच्या एका टोकाकडून निघाले आणि दुसऱ्या टोकाला जाऊन परत आले. म्हातारी माणसे डोळे पुसत होती. त्या हसण्यात चार दिवस गिळलेले सारे काही होते, आणि ते गोड नव्हते.

साहेब खुर्चीतून उठले. हसू कापल्यासारखे थांबले.

"ये क्या तमाशा है?"

पुढे काय करायचे हे मोरेश्वरला ठाऊक होते. इथे हात जोडायचे, कमरेत वाकायचे, आणि सगळे मिटवायचे. एवढेच करायचे होते. पण सोंग अजून अंगात होते, आणि अर्धे होते. त्याने हनुवटी वर केली.

"ये क्या तमाशा है?" त्याच आवाजात, त्याच थरथरीने.

"बंद करो इसे!"

"बंद करो इसे!"

"तुम जानते हो मैं कौन हूँ?"

"तुम जानते हो," मोरेश्वरने खिशातला हात आणखी खोल घातला, "मैं कौन हूँ?" आणि तो प्रश्न त्याने साहेबांकडे नाही, गोल फिरत त्या हजार माणसांकडे टाकला. हो, जानते है, असे कुठून तरी कोणी तरी ओरडले.

साहेब गप्प झाले. मोरेश्वरही गप्प झाला, तसाच, ओठांचा एक कोपरा खाली ओढून. दोघे समोरासमोर उभे राहिले. आता साहेबांना बोलता येत नव्हते, कारण प्रत्येक शब्द त्यांच्याच चेहऱ्याने परत येणार होता. आणि गप्पही राहता येत नव्हते. शेवटी ते वळले आणि चालू लागले. डावी टाच घासली. त्यांनी ती ऐकली असावी, कारण पाऊलभर ते थबकले. मग गर्दीतून निघून गेले.

अंबाबाई पाटी घेऊन उठली. तिच्यामागे सारे मैदान उठले.

सोमवारी अकराला बोलावणे आले. साहेबांच्या पुढ्यात यादी होती, मोरेश्वरच्या नावापुढची जागा कोरी. साहेबांनी टाक खाली ठेवला. मग विचारले, आणि ह्या वेळी डोळे उघडे होते :

"मेरी चाल... सचमुच वैसी है?"

रागाचा प्रश्न नव्हता तो. एखाद्याने कित्येक वर्षांनी आरसा पाहावा, तसा होता. मोरेश्वरला त्या प्रश्नात एक दार किलकिले झालेले दिसले. नाही साहेब, ती आपली गंमत होती, एवढे म्हटले की कोऱ्या जागेत सावसर उमटले असते. भिंतीला हात लावून चालणाऱ्या देवकाबाई त्याला दिसल्या. मीना दिसली. आणि न उठलेले ते मैदानही दिसले.

"वैसीच है, साहेब," तो म्हणाला. "एड़ी थोड़ी और घिसटती है. मुझसे पूरी नहीं उतरी."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिले. टाक दौतीत बुडवला आणि लिहिले : शहडोल.

मीना कचेरीबाहेर कडुनिंबाखाली उभी होती, शाळेच्या मधल्या सुटीत आलेली. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला.

"माफी मागितली नाहीत?"

"नाही."

"त्यांनी विचारलं असेल काही तरी."

"विचारलं. मी खरं सांगितलं."

तिचे डोळे भरून आले. पण ती रडली नाही. पदराने तिने नाक पुसले, काहीशा रागानेच.

"आईचं मी पाहते. तुम्ही दर महिन्याला यायचं, गाड्या बदलून बदलून का होईना. कुठून जातात शहडोलला?"

"जबलपूर. मग कटनी. मग आणखी पुढं."

शाळेची घंटा झाली. ती निघाली, दहा पावले गेली आणि वळली. "तिथले लोक हसतात का हो?"

मोरेश्वरने कागदाची घडी खिशात टाकली.

"हसत असतील. त्यांच्याकडंही एखादा साहेब असेलच नं."