लेओकाडिया आत्याची रांग

बिशपांचं फर्मान शुक्रवारी आलं आणि रविवारी आमच्या सेंट काझिमिर चर्चमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. एरवी मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, निम्मी बाकं रिकामी असतात. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने मत देणाऱ्या आमदारांना कम्युनियनचा प्रसाद द्यायचा नाही, असं ते फर्मान. आमच्या गावची आमदार म्हणजे क्लाउडिया म्रोचेक. तिचा बाप्तिस्मा इथलाच, आणि कुणाचं ऐकायचं नाही हे तिने बहुतेक त्याच दिवशी ठरवलं असावं.

लोकांना बाकांवर बसवायचं आणि प्रसादाच्या तीन रांगांत सोडायचं काम माझ्याकडे. फादर वोयतानेक मला कोपऱ्यात ओढून म्हणाले, "झिगमुंट, तिला डीकनच्या रांगेत पाठव. माझं ब्लडप्रेशर तुला ठाऊक आहे."

वळतो तर फादरांच्या हाताखालचा, पण संसारी माणूस, डीकन जेरोम दबा धरून उभा! "झिग, तिला फादरांकडेच धाड हं. माझी बायको तिच्या प्रचारात होती. मला घरी जेवायचंय अजून."

तिसऱ्या रांगेचा विचार कुणीच केला नव्हता. तिथे प्रसाद वाटत होती लेओकाडिया आत्या, क्लाउडियाची सख्खी आत्या. आई गेल्यावर क्लाउडियाला हिनेच वाढवलं. वय ऐंशीच्या पुढे, कान जवळपास गेलेले, आणि बर्फ पडो की ऊन, दर मंगळवारी गर्भपाताच्या दवाखान्यासमोर फलक घेऊन उभी. क्लाउडियाने त्या हक्काच्या बाजूने मत दिलं तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

क्लाउडिया उठली, मी हात करत होतो तिकडे ढुंकूनही न बघता सरळ आत्याच्या रांगेत शिरली. ऑर्गन वाजवणारीचे हात थांबले. फादरांनी डोळे मिटले.

"पापनिवेदन केलंस?" आत्याने विचारलं. तिला वाटलं, आपण कुजबुजतोय.

"केलं, आत्या."

"मताबद्दल सांगितलंस?"

"ते मी आणि फादर बघून घेऊ."

"काय?"

"फादरांना विचार!" क्लाउडिया ओरडली.

अख्खं चर्च फादरांकडे वळलं. बिचारे लालबुंद झाले. पापनिवेदनात ऐकलेलं जिवात जीव असेतो बाहेर काढायचं नाही, ही त्यांची शपथ. हो म्हणायची सोय नाही, नाही म्हणायचीही नाही. ते छताकडे बघत बसले.

आत्याने प्रसादाची भाकर परत वाटीत ठेवली. "बिशपांनी नाही म्हटलंय, मी देणार नाही. आणि तू चुकलीयस, हेही सांगते."

"मी नाही चुकले."

"चुकलीस!"

क्लाउडियाचे डोळे भरून आले, पण ती जागची हलली नाही. आत्याने तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाली, "मी मघाशीच प्रसाद घेऊन बसले, नाहीतर आजपासूनच केलं असतं. पुढच्या रविवारपासून मीही घेणार नाही. घरची पोर उपाशी बसली असताना मी कधी जेवलेय का?"

"आत्या, वेडेपणा करू नकोस."

"काय?"

"काही नाही," क्लाउडिया म्हणाली आणि रडता रडता हसली.

म्हातारीने शब्द पाळला. दर रविवारी छातीवर हातांची फुली करून पुढे यायची, नुसता आशीर्वाद घ्यायची आणि जाऊन क्लाउडियाशेजारी बसायची. मंगळवारचा फलकही सुटला नाही. फक्त आता क्लाउडियाच्या ऑफिससमोरही तासभर उभी राहायची, आणि क्लाउडिया तिच्यासाठी खुर्ची बाहेर आणून ठेवायची.

अख्ख्या धर्मप्रांतातली सगळ्यात भाविक बाई उपाशी, ही बातमी बिशपांपर्यंत पोचली. ते जातीने मिस्सेला आले. आत्या फुली करूनच पुढे आली.

"आजी, तुमचं काय पाप?" बिशप म्हणाले.

"फर्मान काढण्याआधी तुम्ही कुणाला विचारलंत कुठे?"

मिस्सेनंतर चर्चच्या तळघरातल्या जेवणाला बिशपांचं पान मी मुद्दाम त्या दोघींच्या मध्ये मांडलं. पिएरोगी, त्या उकडलेल्या करंज्या, गार झाल्या, कॉफी गार झाली, बाकीचे घरी गेले, तरी तिघांचं भांडण चालूच. फर्मान मागे घेतलं गेलं नाही, क्लाउडियाचं मत बदललं नाही आणि आत्या तर नाहीच नाही. पण निघताना बिशपांनी स्वतःच्या हाताने आत्याला कोट चढवला, आणि दाराशी क्लाउडियाला म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत येतो. माझं बोलून झालेलं नाही."

"माझंही नाही," ती म्हणाली.

फादर वोयतानेकांनी मात्र पुढच्या महिन्यासाठी त्याच दिवशी रजा टाकली.