चौथा ठिपका

गंधालीच्या बाबांना वाकडं काही बघवत नसे. भांडुपच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये शेजाऱ्यांच्या दारावरचं तोरण जरा एका बाजूला झुकलं, तरी दत्ताराम हातातला चहा ठेवून उठणार आणि ते सरळ करून येणार. गिरणी बंद पडल्यावर चाळीस वर्षं त्यांनी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी केली होती. दोन्ही डोळे तंतोतंत सारखे, आणि एकदा आखलेला डोळा पुसायचा नाही, हा त्यांचा नियम. पुसणं म्हणजे देवाला आंधळं करणं, असं ते म्हणत.

गंधाली बोरीवलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, पण जीव सगळा भुंगेऱ्यांत. त्यातही लांब मिशांच्या. अंगाच्या दुप्पट मिशा मिरवणारे हे किडे बेटाबेटांवर जुळ्यांसारखे एकसारखे दिसतात. कुठे एखादा ठिपका जास्त, कुठे मिशीचं एखादं पेर लांब, एवढ्यातेवढ्यावरून जात ठरवायची. अंदमानातल्या माहितीच्या जातीला प्रत्येक पंखावर तीन पांढरे ठिपके असतात. मागच्या वर्षी एका वनाधिकाऱ्यांनी निकोबारहून तसाच दिसणारा एकच भुंगेरा पाठवला. तो आला त्या रविवारी तिने घरीच टाचणीवर लावला, वाळायला थर्माकोलवर ठेवला आणि घाईघाईत वाकोल्याला आत्याकडच्या साखरपुड्याला गेली. सोमवारी कॉलेजात नीट बघते तो काय, दोन्ही पंखांवर चार-चार ठिपके.

नवी जात. आठ महिने तिला दुसरं काही सुचलं नाही. शोधनिबंध एका नियतकालिकाने स्वीकारला, येत्या सोमवारी छापून येणार होता. जातीला नाव तिने बाबांचं दिलं होतं, दत्तारामी. हे अजून त्यांना सांगितलं नव्हतं. शनिवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, डबीतला भुंगेरा आणि त्याचा मोठा छापील फोटो तिने त्यांच्यापुढे ठेवला. आधी फोटो दाखवायचा, मग नाव सांगायचं, असा बेत होता.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ नेला.

"बरो इलो हा," ते म्हणाले.

"काय?"

"उजवीकडचो ठिपको. एका पंखार चार नि दुसऱ्यार तीन, असो व्हतो तो. माका बघवाक नाय. तू वाळत ठेवलेलंस तेव्हा चौथो मीच भरलंय. एका केसाच्या ब्रशान."

गंधालीने फोटो त्यांच्या हातातून ओढून घेतला. जास्तीचा ठिपका एकाच पंखावर असेल, तर तो त्या एकट्या किड्याचा जन्माचा वेगळेपणा, माणसाला सहावं बोट असावं तसा. दोन्हीकडे सारखा असेल तरच ती जातीची खूण. आणि उजवा पंख तिने नीट तपासलाच नव्हता. भुंगेऱ्याचं चित्र काढताना अर्धंच अंग काढायचं आणि तेच उलटवून दुसरीकडे जोडायचं, ही या कामातली जुनी रीत. म्हणून मोठ्या भिंगाखाली गेला तो फक्त डावा पंख. उजव्यावरचे ठिपके या बाईसाहेबांनी नुसते मोजले होते.

तिने डबी उघडून उजवा पंख भिंगाखाली धरला. डावीकडच्या ठिपक्यात बारीक पांढरे केस होते. उजवीकडे केसांसारख्या रेघा होत्या, रंगाच्या. त्या इतक्या सुरेख होत्या की तिला रडू आलं.

"वाट लागली, बाबा," ती म्हणाली आणि तिने सगळं समजावून सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे अशी जातच नाय?"

"नाही. ती तुम्ही केलीत."

गंधालीच्या मनात येऊन गेलं, कुणाला कळणार आहे? निकोबारहून दुसरा भुंगेरा यायला वर्षं लागतील. आपल्या मनात हे आलं, याचाच तिला धक्का बसला.

"नाव काय ठेवलेलंस तेका?" बाबांनी विचारलं.

"ठेवायचं होतं अजून."

बाबा उठले. आपला ब्रश घेऊन आले आणि त्याचं टोक त्यांनी तिच्या स्पिरिटच्या बाटलीत बुडवलं.

"तुम्ही नका. मी पुसते ना."

"आखलंय मी," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत आखलेलं काही न पुसलेल्या हाताने त्यांनी ब्रश ठिपक्यावर फिरवला. ठिपका गेला. उजव्या पंखावर तीन उरले.

गंधालीने लॅपटॉप ओढला. संपादकांना आत्ताच कळवायला हवं होतं, निबंध मागे घेते म्हणून. मेलच्या विषयात जातीचं पूर्ण नाव लिहायचं, असा त्यांचा दंडक. तिने ते एकेक अक्षर करत टाइप केलं. बाबा ब्रश पुसत मागे येऊन उभे राहिले होते, ते तिच्या लक्षात आलं नाही. इंग्रजी त्यांना येत नसे. आपलं नाव तेवढं ओळखू येई, गिरणीच्या पासावर वाचून वाचून.

"ह्याच्यात माझा नाव कित्याक गो?" त्यांनी विचारलं.