बाटलीत पालथी पडलेली काचपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. बोटाएवढी लांब, कोपऱ्यात टवका उडालेली, एका डबीत पडून असलेली. पण माझ्या अंगावर आख्खं रान उभं आहे असं सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, म्हातारी काहीतरीच बरळते! बरळत नाही हो. ते रान झिंक ऑक्साईडच्या, म्हणजे जस्ताच्या एका संयुगाच्या दांड्यांचं आहे. एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील इतक्या त्या बारीक, म्हणून त्यांना नॅनोदांड्या म्हणतात.

मला घडवलं ताईनं. प्रयोगशाळेत सगळे तिला चिमटाताई म्हणत, कारण चिमटा तिच्या हातून कधी सुटत नसे. तिनं मला घासूनपुसून स्वच्छ केलं, माझ्या एका बाजूला जस्ताच्या क्षाराचा पातळ थर दिला आणि भट्टीत भाजलं. हा बीजथर. दांड्या उगवतात त्या त्याच्यावरच. मग जस्ताच्या द्रावणाच्या बाटलीत मला बुडवून ती बाटली गरम ओव्हनमध्ये ठेवायची.

माझ्याआधीच्या बहिणींचं मात्र वाटोळं झालं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं, तर दांड्या आडव्यातिडव्या आणि वर पांढऱ्या भुकटीचा ढीग. ताईला मार्गदर्शन करणारे सर शांतपणे म्हणाले होते, "या खेपेला दांड्या सरळ उभ्या राहिल्या नाहीत, तर संशोधनाचा विषय बदलू या." ताई "हो सर" म्हणाली, पण तिचा जेवणाचा डबा तसाच परत गेला. त्या विषयावर तिचा फार जीव होता.

बीजथराला धक्का लागू नये, म्हणून ताई ती बाजू नेहमी वर ठेवायची. माझ्या वेळी मात्र तिची पकड ढिली पडली. मी चिमट्यातून निसटले आणि बीजथर खाली करून बाटलीत तिरकी टेकले.

"झालं! पालथी पडली!" ताई रडकुंडीला आली.

"आता काढू नकोस, ओरखडे पडतील," शेजारच्या टेबलावर काम करणारा दादा म्हणाला. "होऊन जाऊ दे."

मी बाहेर आले ती पाठीवर भुकटी घेऊन. ताईनं मला कचऱ्याच्या डब्यावर धरलंच होतं. पण तिचा स्वभाव असा, की टाकायची वस्तूसुद्धा ती एकदा धुऊन पाहायची. तिनं मला नळाखाली धरलं, उलटलं आणि थबकली. बीजथराच्या बाजूला भुकटीचा कणही नव्हता. होती ती उगवलेल्या दांड्यांची एकसारखी दुधट झाक.

"अरे दादा, द्रावणात तयार होणारी भुकटी वरून खाली बसते रे! आणि मी चांगली बाजू नेमकी तिच्याखाली मांडत होते!"

"म्हणजे ताट वाढून गळक्या छपराखाली ठेवत होतीस," दादा हसत सुटला.

मग माझी तपासणी झाली. क्ष-किरणांच्या आलेखात एकच शिखर ताडमाड वाढलेलं, म्हणजे सगळ्या दांड्यांची दिशा एक. सूक्ष्मदर्शकात षटकोनी माथे, प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलांसारखे. अतिनील प्रकाश टाकताच मी जांभळट उजळले. दांड्यांच्या रचनेत दोष असले की दिसणारी पिवळट झाक अगदीच पुसट होती. सर आलेख पुन्हा निरखू लागले. मग म्हणाले, "विषय तुझाच. कर पुढे."

मला त्या पोरीचं भारी कौतुक वाटतं. हातून वस्तू सगळ्यांच्याच पडतात. पडलेली वस्तू उलटून पाहणारे थोडे.

पुढे एका पाहुण्यानं "बघू बघू" म्हणत माझ्यावर अंगठा फिरवला. तिथलं रान आडवं झालं, ते कायमचंच. म्हणून मित्रांनो, काच नेहमी कडेनं धरा. आणि काही वाया गेलं असं वाटलं, तर टाकण्याआधी त्याला नळाखाली क्षणभर धरा. ताईनं तो क्षण दिला नसता, तर मी कचऱ्यात गेले असते आणि ती आयुष्यभर न आवडणाऱ्या विषयात.